गाडी चालवताना फोन: बंदी आहे, पण नेमकी कशावर?

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी पुण्याहून घरी निघालो होतो. घर म्हणजे डाळज, इंदापूर तालुका. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण सोडलं की पुढे लागणारं आमचं गाव. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मधून रात्रंदिवस पळणारा हायवे.

भिगवण मागे पडलं आणि आईचा फोन आला. मी उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही एवढं शहाणपण आपल्याला आहे, असं मनाशी म्हणालोसुद्धा. लगेच तिचा व्हॉट्सॲप मेसेज आला, ‘कुठवर आलास?’ स्टँडवर लावलेला फोन हातात घेतला, ‘भि’ टाइप केलं, कीबोर्डनं सुचवलेलं ‘भिगवण’ दाबलं, सेंड केलं आणि वर पाहिलं.

समोर उसाच्या ट्रॉलीची मागची बाजू होती. टेललाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसत्या अंधारात लोंबणाऱ्या उसाच्या मोळ्या. ब्रेक दाबत स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. मागून त्या लेनमध्ये कुणी येत नव्हतं, म्हणून आज हा लेख लिहितोय. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी चालू होती. मागे काय झालं याचा ड्रायव्हरला पत्ताही नव्हता.

घरी आईला काही सांगितलं नाही. जेवण झाल्यावर मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

चार सेकंदांचा हिशेब

माझा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. फोन काढणं, एक शब्द टाइप करणं आणि सेंड करणं याला मला किमान चार सेकंद लागले असणार. चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर पुढे गेली. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. तशी सहा-सात मैदानं मी डोळे मिटून पार केली, असं म्हणा हवं तर.

आता दुसरी बाजू बघू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला एक ते दीड सेकंद लागतो. त्यात २२ ते ३३ मीटर जातात. ब्रेक लागल्यावर चांगल्या टायरची कार कोरड्या रस्त्यावर आणखी ३५ मीटरच्या आसपास जाऊन थांबते. एकूण झाले ६०-७० मीटर. डिपरवर हेडलाइटचा उजेड पडतो जेमतेम ५०-६० मीटर. थोडक्यात, रात्री ८० च्या वेगात सगळं लक्ष रस्त्यावर असलं तरी गणित काठावरचं आहे. त्यात चार सेकंद वजा करायला जागाच नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटनं २००९ मध्ये ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकाची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नसायची. अपघात किंवा थोडक्यात वाचण्याची वेळ येण्याचा धोका त्यांच्यात २३ पट निघाला. माझे चार सेकंद त्या सरासरीतच बसतात.

कायदा काय म्हणतो?

‘गाडी चालवताना फोनवर बंदी घालावी का?’ असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, बंदी तर आहेच की! आहे, पण शब्द नीट वाचायला हवेत.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १८४ धोकादायक पद्धतीनं गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीत या कलमात स्पष्ट लिहिलं गेलं की गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हेसुद्धा धोकादायक ड्रायव्हिंग. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याआधी २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं राज्यांना सांगितलं होतं की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा.

मग केंद्रीय मोटार वाहन नियमांत आणखी एक बदल झाला. तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. त्यानुसार गाडी चालवताना असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतं आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं.

म्हणजे बंदीचा सगळा भर ‘हातात धरणे’ यावर आहे. स्टँडवरच्या मॅपला परवानगी आहे. ब्लूटूथवर बोलण्याबद्दल कलम १८४ ची ही ओळ थेट काही म्हणत नाही. बाइकवर हेल्मेटच्या फटीत फोन कोंबून बोलणारा आमच्याकडचा गडी तर शपथेवर सांगेल, ‘साहेब, हातात कुठंय?’

इंग्लंडमध्ये याच शब्दांनी गोंधळ केला होता. तिथं हातात फोन धरण्यावर डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. पण तो कायदा लिहिला गेला तेव्हा फोन म्हणजे कॉल आणि एसएमएस. पुढे फोनला कॅमेरा आला. गाडी चालवताना फोननं व्हिडिओ काढणाऱ्या एकाच्या प्रकरणात २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टानं सांगितलं की व्हिडिओ काढणं म्हणजे ‘संपर्क साधणं’ नाही, त्यामुळे हे कलम लागू होत नाही. शेवटी २५ मार्च २०२२ पासून नियम बदलला. आता फोटो काढणं, प्लेलिस्ट चाळणं, नुसती स्क्रीन उजळवणं, सगळं त्यात आलं. दंड २०० पौंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट.

हात मोकळे, डोकं अडकलेलं

‘मी हँड्सफ्री वापरतो, मला काय होतंय?’ मीही हेच म्हणायचो.

१९९७ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनबिलांची नोंद अपघाताच्या वेळेशी जुळवून पाहिली. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका चौपट निघाला. आणि हँड्सफ्री फोनवाले हातात फोन धरणाऱ्यांपेक्षा सुरक्षित आहेत असं काही आढळलं नाही.

कारण साधं आहे. गाडी डोळे आणि हात चालवतात, पण ठरवतं डोकं. डोकं दुसरीकडे असेल तर डोळ्यांसमोरची वस्तूही नजरेतून सुटते. वर्गात सर शिकवत असतात, आपण त्यांच्याकडेच बघत असतो आणि तरी एक शब्द कळत नाही, तसंच हे.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी गप्पा मारल्या तर चालतं का? फरक असा की शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर ट्रॉली आली की तो आपोआप गप्प बसतो, ‘अरे, अरे, बघ’ म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला तुमच्या समोरचा ट्रॅक्टर दिसत नाही. तो विचारतच राहतो, ‘हां, मग पुढं काय झालं?’

आणखी एक. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं की गाडीतल्या आवाजी यंत्रणेला आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष लगेच रस्त्यावर परत येत नाही. सर्वांत किचकट यंत्रणांमध्ये हा परिणाम २७ सेकंदांपर्यंत टिकला. ताशी ८० वेगानं २७ सेकंद म्हणजे ६०० मीटर. फोन ठेवून दिल्यानंतरचे ६०० मीटर!

मग आकडे एवढे कमी का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या अहवालात देशभरात ४,१२,४३२ अपघात आणि १,५३,९७२ मृत्यू नोंदलेत. त्यातले मोबाइलमुळे झालेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४०. म्हणजे एक टक्काही नाही. रोज रस्त्यावर आपण जे बघतो त्याच्याशी हा आकडा जुळतो का? मला तरी नाही वाटत.

इथं माझं इंजिनिअरिंगचं डोकं कामाला आलं. अपघातानंतर पोलिसांना काय दिसतं? गाड्यांची अवस्था, टायरच्या खुणा, साक्षीदार. दारूची तपासणी करता येते. वेगाचा अंदाज बांधता येतो. फोनचं काय? चालक स्वतः थोडाच सांगणार आहे की मी रील बघत होतो.

टेलिकॉम कंपनीकडून कॉल रेकॉर्ड मागवता येतो. त्यात साधा कॉल आणि एसएमएस दिसतो, किती वाजता आणि किती सेकंद ते. पण व्हॉट्सॲप कॉल, मेसेज, रील हे सगळं कंपनीच्या दृष्टीनं ‘डेटा’. नोंदीत एवढंच दिसतं की अमुक वेळेला एवढा डेटा गेला. आता तुमचा फोन खिशात असतानाही ईमेल तपासतो, फोटोंचा बॅकअप घेतो, ॲप अपडेट करतो. तेव्हा हा डेटा बोटानं मागवला की फोननं आपणहून, हे त्या नोंदीवरून ठरवता येत नाही. फोन उघडून आतल्या नोंदी तपासल्या तर बरंच कळेल, पण प्रत्येक अपघातात तेवढं कोण करणार?

मग अपघाताचं कारण म्हणून ‘अतिवेग’ किंवा ‘निष्काळजीपणा’ लिहिलं जातं. ते चूक नसतं, अर्धं असतं. त्या रात्री मी ट्रॉलीवर आदळलो असतो तर माझ्या नावापुढेही हेच लिहिलं गेलं असतं. ‘भिगवण’ हा शब्द कुठल्याच रकान्यात आला नसता.

फोनच लॉक का होत नाही?

हा प्रश्न मला गावाकडचे मित्र नेहमी विचारतात. ‘एवढे हुशार फोन काढता, गाडी चालू झाली की बंद होणारा फोन नाही काढता येत?’

गाडी चालू आहे हे फोनला कळतं, त्यात अवघड काही नाही. जीपीएसवरून वेग कळतो. ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप हे सेन्सर हादरे आणि वळणं मोजतात. अँड्रॉइडमध्ये यासाठी तयार सोय आहे. ती ॲपला सांगते की माणूस चालतोय, पळतोय, सायकलवर आहे, स्थिर आहे की वाहनात आहे.

गाडं अडतं पुढच्या पायरीवर. वाहनात आहे हे कळलं, पण चालवतोय कोण? भिगवणहून लालपरीत बसलेल्या पन्नास प्रवाशांचे फोन आणि ड्रायव्हरचा फोन, सगळ्यांचा वेग एक, हादरे एक, जीपीएस एक. ताशी २० च्या वर सगळे फोन बंद करायचे ठरवलं तर एसटीतून कॉलेजला जाणारी पोरं, शेजारी बसून नकाशा बघणारा मित्र, ॲम्ब्युलन्समधून दवाखान्याला फोन लावणारा नातेवाईक, सगळ्यांचेच फोन बंद पडतील.

यावर उपाय शोधले गेलेत. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक मस्त युक्ती मांडली. फोन ब्लूटूथनं कारच्या स्पीकरला जोडायचा, प्रत्येक स्पीकरमधून कानाला सहसा ऐकू न येणारा बारीक ‘टिक’ आवाज सोडायचा आणि कुठल्या स्पीकरचा आवाज फोनपर्यंत आधी पोचला ते मोजायचं. त्यावरून फोन डाव्या सीटवर आहे की उजव्या, हे कळतं. युक्ती चालली, पण त्यासाठी ब्लूटूथवाली कार हवी. बाइकला स्पीकर कुठून आणायचे? ट्रॅक्टरवर स्पीकर भरपूर असतात, पण त्या आवाजात टिक ऐकू यायची नाही!

ॲपलनं तर २००८ मध्येच चालकाचा फोन लॉक करण्याच्या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि २०१४ मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टेक्सासमध्ये फेसटाइम कॉल चालू असलेल्या एका चालकानं दुसऱ्या कारला धडक दिली आणि पाच वर्षांची मुलगी गेली. तुमच्याकडे फोन लॉक करण्याचं तंत्र होतं, मग ते दिलं का नाही, असा दावा त्या कुटुंबानं ॲपलवर लावला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं कंपनीला जबाबदार धरलं नाही. फोन वापरायचा निर्णय चालकाचा होता, असं ठरलं.

दरम्यान २०१७ मध्ये आयफोनमध्ये गाडी चालवताना नोटिफिकेशन थांबवणारी सोय आली. पण त्यात एक बटण ठेवावंच लागलं, ‘मी गाडी चालवत नाहीये’. ते दाबलं की सगळं पुन्हा सुरू. शेवटी तंत्रज्ञानाला तुम्हालाच विचारावं लागतं की खरं सांगा, चालवताय का?

कॅमेरा विचारत नाही

फोनला जे आतून कळत नाही, ते बाहेरच्या कॅमेऱ्याला दिसतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं डिसेंबर २०१९ पासून असे कॅमेरे लावले. कॅमेरा वरून, विंडस्क्रीनमधून चालकाच्या मांडीपर्यंतचा फोटो घेतो. रात्रीसुद्धा घेतो, कारण त्यात इन्फ्रारेड फ्लॅश असतो. मग सॉफ्टवेअर संशयास्पद फोटो बाजूला काढतं आणि माणूस ते तपासतो. ही दुसरी पायरी महत्त्वाची. नाहीतर पाकीट, चष्म्याचं घर, बिस्किटाचा पुडा, सगळ्यांवर दंड लागेल.

आपल्याकडे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून अशीच कॅमेरा यंत्रणा सुरू झाली आहे आणि चालकाच्या हातातला मोबाइलही ती टिपते. पण प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक गावाच्या फाट्यावर कॅमेरे लागायला किती वर्षं जातील कोण जाणे. डाळजला महामार्ग पोलिसांचं मदत केंद्र आहे, पण ते तरी ताशी १०० नं जाणाऱ्या कारच्या काळ्या काचेमागचा हात कसा बघणार?

कधी कधी कॅमेरा प्रवाशाच्या हातात असतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईहून पुण्याला येणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेट बघत होता. एका प्रवाशानं त्याचा व्हिडिओ काढून थेट परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवला. चालकाची नोकरी गेली आणि ती बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला. मला यातली जमेची बाजू ही वाटते की बसमधलं कुणीतरी गप्प बसलं नाही. मित्राच्या गाडीत, वडापमध्ये आपण मात्र हमखास गप्प बसतो. ‘उगाच कशाला बोला’ म्हणतो.

थोडं आमच्या धंद्याबद्दल

इथं मला एक कबुली द्यायची आहे. पहिल्या नोकरीत मी डिलिव्हरी करणाऱ्या पोरांसाठीच्या एका ॲपवर काम केलं. नवी ऑर्डर आली की स्क्रीन भरून एक चौकोन यायचा, फोन थरथरायचा, आणि तीस सेकंदांत स्वीकारलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला जायची. तो थरथरणारा चौकोन मी लिहिलाय. चाचणी घेतली खुर्चीत बसून, कॉफी पीत. तो पोरगा त्या वेळी बाइकवर असेल, हा विचार आमच्या टीममधल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

आता सांगा, त्या पोराला ‘फोनला हात लावू नको’ म्हणणं सोपं आहे, पण हात न लावणाऱ्याला त्या दिवशी कमी पैसे मिळतील असं ॲप आम्हीच बनवलं होतं. फोन जेव्हा ‘वाहनात आहे, वेग ४०’ असं सांगतो, तेव्हा तीस सेकंदांचं घड्याळ थांबवणं किंवा गाडी थांबेपर्यंत ऑर्डर राखून ठेवणं हे फार मोठं काम नाही. इथं चालवतंय कोण हा प्रश्नसुद्धा नाही, कारण ॲपच चालकाचं आहे. काही ओळींचा कोड आहे. तो लिहायला कुणी सांगितलं नाही, म्हणून आम्ही लिहिला नाही.

तर मग, बंदी हवी का?

माझं उत्तर: हो, आणि आहे त्यापेक्षा नेमकी.

एक, बंदी ‘हातात धरण्यावर’ नको, ‘चालत्या गाडीत स्पर्श करण्यावर’ हवी. फोन स्टँडवर असो वा मांडीवर, गाडी हलतेय तोवर बोट लावायचं नाही. मॅप निघण्याआधी लावा.

दोन, हँड्सफ्री बोलणं सुरक्षित आहे हा समज मोडायला हवा. एसटी, ट्रक, स्कूलबस, ॲपवरच्या टॅक्सी यांच्या चालकांना हँड्सफ्रीसुद्धा बंद असावं, कारण त्यांच्यामागे इतरांचे जीव असतात. स्वतःची गाडी चालवणाऱ्यावर पोलीस ते लादू शकतील असं मला वाटत नाही. ब्लूटूथवर बोलणारा आणि गाणं म्हणणारा बाहेरून सारखेच दिसतात. तिथं समजूतच कामाला येणार.

तीन, चालकांसाठी ॲप बनवणाऱ्या कंपन्यांना नियम हवा. चालत्या गाडीत चालकाकडून बोट लावून घेणारी रचना चालणार नाही.

‘इमर्जन्सी असली तर?’ असं कुणीतरी विचारणारच. इमर्जन्सी असेल तेव्हा तर गाडी थांबवायलाच हवी. घाबरलेल्या अवस्थेत, फोन कानाला लावून, ८० च्या वेगानं हायवेवर जाणं ही दुसरी इमर्जन्सी आहे.

आज, आत्ता काय करता येईल?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. या गोष्टी पाच मिनिटांच्या आहेत.

• आयफोन: सेटिंग्जमध्ये ‘फोकस’ आणि त्यात ‘ड्रायव्हिंग’. कारच्या ब्लूटूथला जोडल्यावर आपोआप सुरू होईल असं ठेवा. मेसेज करणाऱ्याला ‘गाडी चालवतोय, पोचल्यावर बोलतो’ असं उत्तर आपोआप जातं.

• अँड्रॉइड: कंपनीनुसार जागा बदलते. सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘ड्रायव्हिंग’ टाका. सॅमसंगमध्ये ते ‘मोड्स अँड रूटीन्स’मध्ये सापडेल. काहीच सापडलं नाही तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ आहेच.

• त्यातच ‘रिपीट कॉलर्स’ सुरू ठेवा. अँड्रॉइडवर एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो, आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. घरी सांगून ठेवा, खरंच अडचण असेल तरच लगेच दुसऱ्यांदा लावा. वाजला की हायवेच्या कडेला अंधारात थांबू नका. पुढचा पेट्रोलपंप किंवा ढाबा गाठा आणि मग बोला.

• बाइकवर फोन खिशात नको, डिकीत किंवा सॅकमध्ये ठेवा. खिशातला फोन थरथरला की हात जातोच.

• गाडी दुसरा कुणी चालवत असेल तर त्याचा फोन तुम्ही घ्या. ‘दे इकडं, मी बघतो’ एवढंच म्हणायचं. कुणाला राग येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपण फक्त फोन उचलणाऱ्यावर बंदी घालायचं बोलतो. फोन करणाऱ्याचं काय? हायवेवर असलेल्या माणसाला येणाऱ्या कॉलपैकी कितीतरी ‘कुठवर आलास?’ एवढंच विचारायला आलेले असतात. त्यात काळजी असते, दुसरं काही नसतं. पण त्या काळजीचं उत्तर द्यायला आपण रस्त्यावरची नजर काढतो. हे उत्तर फोन स्वतःच देऊ शकतो. व्हॉट्सॲपवर चॅट उघडा, अटॅचमेंटमध्ये ‘लोकेशन’, तिथं ‘लाइव्ह लोकेशन’. १५ मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात. लांबच्या प्रवासाला आठ तास निवडा, निघायच्या आधी.

शेवटी महिनाभरानं मी आईला ट्रॉलीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मी मेसेज केला म्हणून झालं व्हय?’ तसं नाही, चूक माझीच होती, हे तिला पटवताना माझी पुरेवाट झाली. त्या दिवशी तिला लाइव्ह लोकेशन बघायला शिकवलं.

आता मी हडपसर सोडलं की तो निळा ठिपका तिच्या मोबाइलवर सरकायला लागतो. ती तो दादांना वाचून दाखवते. यवत आलं, पाटस आलं, भिगवण आलं. मागच्या शुक्रवारी भिगवणला चहा प्यायला थांबलो. दोनच मिनिटांत फोन वाजला.

‘थांबलायस नव्हं? म्हणून केला. येताना मासळी आण.’

गाडी बंद होती. निवांत बोललो.